रिकाम्या बंबखान्यांचे गणित

शहरात मोठी आग लागली म्हणजे साऱ्यांचे डोळे एकाच दिशेला लागतात. घंटा वाजवीत धावणारे बंब, आकाशाला भिडलेल्या शिड्या, धुरात शिरणारे जवान, हे दृश्य पाहण्यास गर्दी लोटते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात तीही ज्वालांचीच. परंतु त्याच घटकेला त्या शहरात आणखी एक दृश्य असते आणि ते पाहावयास कोणी जात नाही. आगीकडे निघून गेलेल्या बंबांचे बंबखाने मागे रिकामे पडलेले असतात. त्यांच्या भरवशावर निजलेल्या वस्तीत नेमकी त्याच वेळी दुसरी ठिणगी पडली तर धावून कोणी जायचे? अग्निशामक दलाच्या व्यवस्थेची खरी परीक्षा या प्रश्नाच्या उत्तरात आहे, असे म्हणावे लागेल.

मुंबईतील एखादी आग ‘क्रमांक दोनची’ किंवा ‘क्रमांक तीनची’ होती, असे आपण वाचतो. हा आकडा ज्वालांच्या उंचीचे माप नव्हे. त्या जागी किती बळ बोलावले गेले, याची ती खूण होय. घटनास्थळी पोचलेला अधिकारी परिस्थिती पाहून वर्दीचा क्रमांक वाढवितो आणि त्यासरशी आणखी बंब निघतात. न्यू यॉर्कमध्येही पहिल्या वर्दीपासून पाचव्या वर्दीपर्यंत अशीच चढती भाजणी आहे. प्रत्येक पायरीबरोबर आगीजवळचे बळ वाढते आणि इतरत्र तेवढेच घटते. शाळेत दोन-तीन शिक्षक एकाच दिवशी रजेवर गेले म्हणजे मुख्याध्यापक मोकळ्या तासांचा तक्ता घेऊन बसतात. कोणाला कोणत्या वर्गावर धाडले असता दुसरा वर्ग उघडा पडणार नाही, याचा हिशेब करतात. अग्निशामक दलाच्या नियंत्रण कक्षात हाच हिशेब काही क्षणांत करावा लागतो, आणि तेथे चुकीची किंमत गोंगाटाने नव्हे, तर प्राणांनी मोजावी लागते.

न्यू यॉर्कने यावर जुन्या काळीच एक उपाय योजला होता. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर वर्दी देण्याच्या पेट्या असत आणि प्रत्येक पेटीला क्रमांक असे. प्रत्येक पेटीसाठी एक कार्ड तयार असे. पहिल्या वर्दीला पाण्याचे कोणते बंब आणि शिडीच्या कोणत्या गाड्या निघतील, दुसरीला कोणत्या, तिसरीला कोणत्या, हे सारे त्यावर आधीच लिहून ठेवलेले असे. एवढेच नव्हे, तर दूरच्या कोणत्या तुकडीने पुढे सरकून कोणत्या रिकाम्या बंबखान्यात येऊन बसावे, हेही त्याच कार्डावर असे. ज्यांनी ही कार्डे लिहिली त्यांच्या दूरदृष्टीचे कौतुकच केले पाहिजे. तथापि त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: मोठी आग एका वेळी एकच लागेल.

१९६०च्या दशकात हे गृहीतक कोसळले. ब्राँक्स व ब्रुकलिनच्या गरीब वस्त्यांत आगींचे आणि खोट्या वर्दींचे प्रमाण काही पटींनी वाढले. एकाच संध्याकाळी शेजारशेजारच्या अनेक वस्त्या पेटू लागल्या. कार्डावर जिचे नाव असे ती तुकडी आधीच दुसऱ्या आगीवर गुंतलेली असे; तिच्या जागी यावयाची तुकडी तिसऱ्या. नियंत्रण कक्षातील माणसे मग अनुभवाच्या आधारे निर्णय घेत. त्यांचा अनुभव दांडगा होता. परंतु शहराच्या शेकडो तुकड्यांचा क्षणोक्षणी बदलणारा ठावठिकाणा डोक्यात बाळगणे मानवी स्मृतीच्या आवाक्याबाहेरचे होते.

महापौर जॉन लिंडसे यांच्या कारकिर्दीत, १९६८ पासून, रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांपैकी पीटर कोलेसार आणि वॉरेन वॉकर यांनी १९७४ साली ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात बंबांच्या तात्पुरत्या स्थलांतराची संगणकीय रीत प्रसिद्ध केली. तिचा गाभा साध्या चार प्रश्नांत सांगता येतो. शहराचा कोणता भाग उघडा पडला आहे? तो झाकण्यासाठी रिकाम्या बंबखान्यांपैकी कमीत कमी कोणते भरले पाहिजेत? त्यासाठी कोणत्या तुकड्या हलविल्या असता त्यांचा स्वतःचा भाग उघडा पडणार नाही? आणि त्यांपैकी कोणी कोठे जावे, म्हणजे एकूण धावपळ कमी होईल? प्रत्येक वस्तीसाठी जवळच्या मोजक्या तुकड्या ठरवावयाच्या आणि त्यांपैकी निदान एक तरी मोकळी असलीच पाहिजे, हा दंडक. तो जेथे मोडेल, तेथे संगणकाने हाक द्यावयाची. त्या काळच्या संगणकाला सर्वोत्तम उत्तर शोधण्यास वेळ लागला असता, म्हणून पुरेसे चांगले उत्तर झटपट देणारी पद्धत निवडण्यात आली. शेवटचा शब्द मात्र कक्षातील माणसाचा.

या रीतीत गणिताच्या कौशल्यापेक्षा तिच्यामागची दृष्टी अधिक मोलाची आहे. समोर पेटलेल्या घराचा आक्रोश सर्वांना ऐकू येतो. ज्या घराला अजून आग लागलेली नाही, त्याच्या वतीने बोलणारा कोणी नसतो. त्या अनामिक घराचा हक्क राखून ठेवण्याचे काम या गणिताने स्वीकारले. म्हणूनच मोठ्या आगीच्या वेळी एखाद्या तुकडीला आगीकडे न धाडता दूरच्या शांत बंबखान्यात बसवून ठेवणे, हा भित्रेपणा किंवा ढिलाई नसून कर्तव्याचेच एक अंग ठरते. ११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्राच्या मनोऱ्यांकडे न्यू यॉर्कच्या दोनशेहून अधिक तुकड्या, म्हणजे जवळजवळ निम्मे बळ, गेले. बोलावणे नसतानाही कित्येकजण परस्पर धावले. दलाची ३४३ माणसे त्या दिवशी मृत्युमुखी पडली. त्याच वेळी नियंत्रण कक्षातील माणसे उरलेल्या तुकड्या इकडून तिकडे हलवून बाकीचे शहर राखीत होती. शहरातील इतर आगींवर पोचण्याचा सरासरी वेळ त्या दिवशी केवळ सुमारे एका मिनिटाने वाढला, असे नंतरच्या पाहणीत आढळले. हाही पराक्रमच, मात्र त्याची छायाचित्रे निघाली नाहीत.

येथेच थांबता आले असते तर बरे झाले असते. परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. त्याच संस्थेच्या अभ्यासाचा आधार घेऊन न्यू यॉर्कने १९७२ पासून काही तुकड्या कायमच्या बंद केल्या. पुढे १९७५च्या आर्थिक संकटात आणखी कपात झाली. आता गणिताला विचारलेला प्रश्न निराळा होता: कोणती तुकडी काढली असता पोचण्याच्या वेळेत सर्वांत कमी फरक पडेल? जेथे बंबखाने एकमेकांजवळ आहेत तेथे एक काढल्याने अंतर फारसे वाढत नाही, असे उत्तर मिळणे साहजिकच होते. पण ते जवळजवळ का होते? तेथे आगी जास्त लागत म्हणून! डेबोरा व रॉड्रिक वॉलेस यांनी १९९८ साली आणि जो फ्लड यांनी २०१० साली आपापल्या ग्रंथांत नेमका हाच आक्षेप घेतला. फ्लड यांच्या हिशेबानुसार १९७० ते १९८० या दशकात ब्राँक्समधील सात जनगणना-विभागांनी आगीत व ओसाडीत ९७ टक्क्यांहून अधिक इमारती गमावल्या. या विनाशाला घरमालकांची बेपर्वाई, दारिद्र्य आणि जाळपोळ हीही कारणे होती. सारा दोष गणिताच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. तरीही जळत्या वस्त्यांतून बंब काढून घेण्याला शास्त्राचा शिक्का मिळाला, ही गोष्ट नाकारता येत नाही.

एकाच संस्थेच्या अभ्यासातून एकीकडे रिकामा बंबखाना भरण्याची युक्ती निघाली आणि दुसरीकडे भरलेला बंबखाना रिकामा करण्याचे समर्थनही निघाले. फरक कोठे पडला? पहिल्या वेळी प्रत्येक वस्तीच्या किमान हक्काची हमी मागितली गेली. दुसऱ्या वेळी मुख्यतः सरासरीचा हिशेब मागितला गेला. सरासरी उत्तम असतानाही एखादी वस्ती पूर्णपणे निराधार असू शकते. गणित हे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न काय विचारावयाचा, हे मात्र समाजाने ठरवावयाचे असते.

मुंबईच्या गोदीत १९४४ साली झालेल्या स्फोटात अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो. त्या दिवशी आगीत उडी घेणाऱ्यांपुढे आपण मस्तक लववितो, ते योग्यच आहे. पण नागरिक म्हणून आपले कर्तव्य तेवढ्याने संपत नाही. शहरात किती बंब आहेत, हे आपण नगरपालिकेस विचारतो. ते सारे एका आगीवर गेले असता आमच्या गल्लीसाठी मागे कोण उरते, हेही विचारले पाहिजे. आग लागल्यावर हा प्रश्न विचारावयास सवड नसते. तो आधीच विचारावा लागतो.