पायात दडलेले कान

२०१६ साली आलेल्या डीजेआयच्या मॅव्हिक प्रो या घडीच्या ड्रोनचे पुढचे दोन पाय नुसते जमिनीवर टेकण्यासाठी नाहीत. रिमोटशी बोलणारे अँटेना त्यांच्यातच बसवलेले आहेत. जागा मोठी विचारपूर्वक निवडलेली. उडताना पाय सर्वांत खाली असतात, त्यामुळे बॅटरी आणि मोटारींचा धातू लहरींच्या फारसा आड येत नाही.

म्हणूनच आदळून मोडलेला पाय नुसता चिकटवून भागत नाही. आतली बारीक वायर तुटली असेल, तर ड्रोन उडेल, पण संपर्क लवकर सुटेल. रिमोटशी संपर्क साधणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर; तिच्या चौथाईएवढा, म्हणजे जेमतेम ३ सेंटिमीटरचा अँटेनाही पुरतो. इतक्या आखूड तारेत थोडी काटछाटही महागात पडते.

मजबुतीसाठी कार्बन फायबरची पट्टी लावणे तर घातकच, कारण ते वीजवाहक असल्याने लहरी अडवते. तिथे प्लॅस्टिकचाच पाय हवा.