बांधावरचा उजेड

आमच्या घरात टॉर्चला टॉर्च कुणी म्हणत नाही. मी मराठीत 'बॅटरी' म्हणतो, सौ. कन्नडमध्येही 'बॅटरी'च म्हणते. मुलांना लहानपणी वाटायचे, हा शब्द या दोन भाषांनी वर्गणी काढून घेतला असावा. गेल्या दिवाळीत या बॅटरीवरून घरात बरीच चर्चा झाली. निमित्त झाले सासरेबुवांचे.

सौ.चे माहेर बैलहोंगल तालुक्यात. साडेचार एकर ऊस आणि एक बोअर. मोटारीला लागणारी तीन फेजची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) बाराच्या सुमारास दारे मोडायला बांधावर जातात. वय अडुसष्ट, खांद्यावर खोरे, हातात मोबाईल आणि त्याचाच उजेड. दसऱ्याच्या आधी पावसाने दडी मारली होती. त्या दिवसांत एका रात्री ते पुढचे पाऊल टाकणार, तोच पाचटातून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला. घोणस! कन्नडमधले कोळकु मंडल. पायापासून हातभर अंतरावर. मामा मागे सरकले, मोबाईल पाटाच्या पाण्यात पडला. साप निघून गेला, मोबाईलही गेला. पण त्यांनी हे आम्हाला सांगितलेच नाही. फोन लागेना म्हणून सौ.ने शेजारी चौकशी केली, तेव्हा कळले.

घोणस माणसाची चाहूल लागली म्हणून पळतेच असे नाही. अंगावरच्या नक्षीच्या भरवशावर ती पाचोळ्यात तशीच पडून राहते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले बहुतेक खेड्यांतले. आपल्या कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद बंधनकारक केली, ती उगीच नव्हे.

तेव्हा मामांसाठी चांगली बॅटरी घ्यायची ठरले. आमचे चिरंजीव हुबळीला इंजिनिअरिंग शिकतात. त्यांनी दोन दिवस मोबाईलमध्ये डोके घालून साडेतीन हजारांची एक एलईडी बॅटरी मागवली. डब्यावर लिहिले होते : दोन हजार ल्युमेन, पाचशे मीटर, चार तास. वीतभर लांबीची, वजनदार, बंदुकीच्या नळीसारखी काळीभोर. मी मराठी शिकवणारा माणूस, ल्युमेनशी माझा संबंध नाही. म्हणून कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठले. त्यांनी मला समजेल असे सांगितले. नळातून एकूण पाणी किती येते, ते ल्युमेन. पाइपच्या तोंडावर बोट दाबून तेच पाणी किती जोराने लांब फेकले, ते कँडेला. बोट दाबल्याने पाणी लांब जाते, वाढत नाही.

मग संध्याकाळी दिवे घालवून कॉलेजच्या लांब व्हरांड्यात प्रयोग केला. पाच मीटरवर प्रकाश मोजायचे यंत्र ठेवले. आकडा आला ८०० लक्स. त्याला अंतराच्या वर्गाने, म्हणजे २५ ने गुणले की २० हजार कँडेला. त्याचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की झोत किती मीटर पोचतो ते कळते : सुमारे २८३. पाचशे नव्हे! आणि 'पोचतो' म्हणजे तरी काय? २००९ मध्ये अमेरिकेत बॅटऱ्यांसाठी जे मानक ठरले, त्यात पाव लक्स उजेड उरेल तेवढे अंतर धरतात. पाव लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. तेवढ्यात झाड दिसेल, साप नव्हे.

खरी गंमत पुढे झाली. चार मिनिटांत बॅटरी हाताला चटका देऊ लागली आणि यंत्रावरचा आकडा ८०० वरून ३३० वर आला. एवढ्याशा नळीतून उष्णता बाहेर जाणार कुठे? एलईडी जळू नये म्हणून आतले सर्किटच उजेड कमी करते. शिवाय हिशेब साधा आहे. आतला सेल पाच हजार मिलिअँपिअर-तासांचा, त्यात सुमारे १८ वॅट-तास ऊर्जा. चांगला एलईडी एका वॅटमागे साधारण शंभर ल्युमेन देतो. म्हणजे दोन हजार ल्युमेनला वीस वॅट हवेत, आणि सेल तासाच्या आतच संपायला हवा. मग चार तास कुठून आले? त्याच मानकात उजेड सुरुवातीच्या दहाव्या भागावर येईपर्यंतचा वेळ मोजतात. कंपनी खोटे बोलली असे म्हणता येत नाही. नरो वा कुंजरो वा, एवढेच.

पाडव्याला आम्ही सगळे बैलहोंगलकडे. रात्री जेवणे आटोपल्यावर मामा, चिरंजीव आणि मी बांधावर निघालो. चिरंजीवांनी मोठ्या ऐटीत बटण दाबले. शेजाऱ्याचे मोटारघर, त्यापलीकडची चिंच, सारे लख्ख. मामांनी डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले, "बेळकु जास्ती आत्री."

मला वाटले, जुन्या माणसाची कुरकुर. पण त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. समोरच्या उसाच्या पात्यांवरून झोत उलटा डोळ्यांत येत होता. बॅटरी पायाशी धरली तर मधे पांढरा गोळा आणि भोवती काळोख. बंद केली की काहीच दिसेना. डोळ्यांना अंधाराची सवय पुरती परत यायला वीस-तीस मिनिटे लागतात. मामांना दूरचे नको होते, पुढची सहा-सात पावले हवी होती.

माझ्या स्कूटरच्या डिकीत आठशे रुपयांची, पिवळसर उजेडाची चारशे ल्युमेनची बॅटरी असते. ती आणली आणि परीक्षा घेतली. चिरंजीवांनी जुन्या तपकिरी दाव्याचे वेटोळे पाचटात कुठेतरी टाकायचे, मामांनी शोधायचे. मोठ्या बॅटरीच्या निळसर पांढऱ्या उजेडात दावे आणि पाचट एकाच राखी रंगाचे दिसत होते. मामांना ते तीन पावलांवर आल्यावर दिसले. पिवळसर उजेडात आठ पावलांवरून. दुसऱ्यांदा जागा बदलली, तरी तसेच. मग मामांनी बॅटरी खांद्याजवळून खाली, गुडघ्याच्या उंचीला आणली. तिरप्या उजेडात दाव्याची लांब सावली पडली आणि ते आणखी लवकर दिसले. ही युक्ती कुठल्याच डब्यावर लिहिलेली नव्हती.

डोक्याला बांधायचा दिवाही सुचवून पाहिला, कारण दारे मोडताना दोन्ही हात खोऱ्याला लागतात. "किडे डोळ्यांत जातात," म्हणून मामांनी तो मोडीत काढला. शेवटी छोटीच्या क्लिपला सुतळी बांधून ती कमरेला, तोंड खाली करून लावली.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. बाजारात ९९०० मिलिअँपिअर लिहिलेले '१८६५०' आकाराचे सेल मिळतात. त्या आकारात साडेतीन हजारांच्या आसपासच मावते. त्याहून फार मोठा आकडा दिसला की सेल हातात घेऊ नये. ऐन बांधावर दगा देतो. आणि मोठी बॅटरी पिशवीत टाकताना मागची टोपी पाव फेरा सैल करावी. आमची परतीच्या प्रवासात पिशवीतच चालू झाली आणि सौ.च्या नव्या इरकलीला रुपयाएवढे करपलेले भोक पाडून मोकळी झाली. त्यावरचे संभाषण दोन्ही भाषांत झाले, ते इथे देत नाही.

उरलेल्या पैशांतून मामांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट घेतले. खरे तर आधी तेच घ्यायला हवे होते. चिखलात जड होतात म्हणून मामा कुरकुरतात, पण सासूबाई ते घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर सोडत नाहीत. मोठी बॅटरी आम्ही पुन्हा तिकडेच पाठवून दिली. वीज गेली की सासूबाई ती मधल्या वेगावर, छताकडे तोंड करून उभी ठेवतात आणि त्या उजेडात भाकरी थापतात. गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला. पाण्याच्या पाळीला एक घोणस दिसली म्हणाले. मी घाबरून विचारले, "किती जवळ?"

"आठ पावलं," मामा म्हणाले. "मी थांबलो. ती गेली. मग मी दार मोडलं."