बीदरचे वारसदार

बीदर शहर जांभ्या खडकाच्या तांबड्या पठारावर, त्याच्या उत्तरेकडील कड्याला धरून वसलेले आहे. कड्याखाली मांजरेच्या खोऱ्यातील सखल मुलूख पसरलेला, आणि माथ्यावर, समुद्रसपाटीपासून २,००० फुटांहून अधिक उंचीवर, किल्ल्याची तटबंदी. पाच शतकांपूर्वी गोव्यापासून गोदावरी-कृष्णेच्या मुखापर्यंतच्या प्रदेशाचा कारभार जेथून चालत असे, त्या ह्या शहराकडे आज कर्नाटकाच्या नकाशावर अगदी वरच्या टोकाला बोट न्यावे लागते. आमच्या दुबलगुंडीच्या माणसाचा तालुका हुमनाबाद आणि जिल्हा बीदर. जमिनीचा दावा असो, नोकरीचा अर्ज असो की आजाऱ्याला मोठ्या दवाखान्यात नेणे असो, बीदरची वाट त्याला तुडवावीच लागते, आणि कचेरीतले काम साहेब नसल्यामुळे रेंगाळले की मधल्या वेळात तो किल्ल्यात एक फेरी मारून येतो. म्हणूनच ह्या शहराविषयी आमच्या मनात राजधानीचा दबदबा कमी आणि घरोबा अधिक आहे.

मराठी संतचरित्रांतही बीदर येते ते बहुधा सरकारी वसुलाचे ठिकाण म्हणूनच. महिपतीने १७६२ साली पुरा केलेल्या ‘भक्तविजया’त दामाजीपंतांची कथा आहे. मंगळवेढ्याच्या ह्या अधिकाऱ्याने दुष्काळात बादशाही कोठारे लुटवून लोकांचे प्राण वाचविले, आणि तो बादशहासमोर हजर होण्यापूर्वीच विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष पांडुरंगाने बीदरला जाऊन रकमेचा भरणा केला व रीतसर रसीद घेतली, अशी श्रद्धा आहे. दासोपंतांच्या चरित्रातही वडिलांकडील थकबाकीपोटी बीदरला ओलीस राहिलेल्या बालकाची सुटका श्रीदत्त पाडेवाराच्या वेषात येऊन करतात. दोन्ही कथांमध्ये देवाला बीदरला जावे लागते, ते खजिन्यात पैसे भरून हिशेब चुकता करण्यासाठी. ज्या राजधानीचा धाक प्रजेला वसुलाच्या रूपानेच ठाऊक होता, त्या राजधानीने उभारलेल्या संस्थांपैकी पुढे प्रजेने कोणत्या आपल्याशा केल्या आणि कोणत्या केल्या नाहीत, हा प्रश्न बीदर पाहताना मनात सारखा उभा राहतो.

बहमनी राज्याची स्थापना १३४७ सालची. त्याची पहिली राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी. १४२२ ते १४३६ ह्या काळात राज्य करणाऱ्या अहमदशहाने ती बीदरला हलविली व शहराचे नाव मुहम्मदाबाद ठेविले. उत्तम हवा, उंचावरील सुरक्षित जागा आणि राज्याच्या वेगवेगळ्या भाषक प्रदेशांना साधारण मध्यवर्ती असे स्थान, ही निवडीची कारणे आजही जागेवर उभे राहिल्यास पटतात. किल्ल्याभोवतीचा खंदक काही ठिकाणी तिहेरी असून तो जिवंत खडक कापून केलेला आहे. मध्ये सोडलेल्या खडकाच्या भिंती पाहिल्या की छिन्नी चालविणाऱ्या हातांचे कष्ट लक्षात येतात. आत सोळा खांबी मशीद, तर्कश महाल, गगन महाल, तख्त महाल अशी एकामागून एक स्थळे लागतात. त्यांत रंगीन महाल विस्ताराने लहान, पण कलाकुसरीने सर्वांत मोठा. बहमनींच्या मागून आलेल्या बरीदशाहीतील अली बरीदच्या काळात त्याला आजचे रूप आले. काळ्या पाषाणात शिंपल्याचे चकाकते तुकडे जडवून काढलेली तेथील वेलबुट्टी बीदरच्या कारागिरांच्या एका सवयीची आठवण करून देते. त्या सवयीविषयी पुढे सांगणारच आहे.

किल्ल्याबाहेरच्या शहराला पाच दरवाजे: शाहगंज, फतेह, मंगलपेठ, दुल्हन आणि तालघाट. मधोमध चौरस्त्यावर चौबारा नावाचा ७१ फूट उंचीचा गोल मनोरा आहे. आतील ८० पायऱ्या चढून गेल्यास चारी दिशांची टेहळणी होत असे. ह्या सर्वांपेक्षा कुतूहलाची गोष्ट मात्र जमिनीखाली आहे. पठाराच्या वरच्या सच्छिद्र जांभ्यातून पावसाचे पाणी झिरपते आणि खालच्या कठीण काळ्या पाषाणावर अडते. नेमक्या त्या सांध्याला धरून इराणी पद्धतीची भूमिगत जलवाहिनी, म्हणजे कारेज, येथे खोदण्यात आली. नौबादच्या कारेजात ठराविक अंतरांवर जमिनीवरून खाली उतरणारी विवरे असून त्यांतून हवा, उजेड आणि प्रसंगी घागरही आत सोडता येई. ज्या खडकाळ माथ्यावर शत्रूला वेढा घालणे अवघड, तेथे हजारो माणसांना पाणी पाजणे हे तटबंदीइतकेच महत्त्वाचे काम होते, आणि ते करणाऱ्यांना इराणातील शास्त्राइतकीच इथल्या मातीचीही पारख होती.

आता त्या इमारतीकडे वळू, जी पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी बीदरला येतात. महमूद गवान हा इराणातील गिलान प्रांताचा. व्यापाराच्या निमित्ताने १४५३ च्या सुमारास तो बीदरला आला आणि आपल्या कर्तृत्वाने राज्याचा मुख्य वजीर झाला. त्याने चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ तरफा केल्या, प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे किल्ले तख्ताच्या थेट हुकमतीखाली आणले, जमिनीची मोजणी सुरू केली, आणि गोवे जिंकून घेतले. ह्याच गवानने १४७२ साली बीदरमध्ये मदरसा बांधला. २०५ फूट लांब व १८० फूट रुंद अशा ह्या तीन मजली वास्तूत मधल्या विस्तीर्ण चौकाभोवती व्याख्यानगृहे, ग्रंथालय, मशीद, अध्यापकांची निवासस्थाने व विद्यार्थ्यांच्या खोल्या होत्या. ग्रंथालयात ३,००० हस्तलिखिते असल्याचे सांगितले जाते. दर्शनी बाजूच्या दोन मनोऱ्यांपैकी १३१ फूट उंचीचा एक शिल्लक आहे. जवळ जाऊन पाहिले तर त्याच्या अंगावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या व पांढऱ्या चकाकत्या फरशीचे नागमोडी पट्टे अजून जागोजागी टिकून आहेत, आणि जेथे ते गळून पडले आहेत तेथे मागचा गिलावा उघडा पडलेला दिसतो.

गवानचा अंत दारुण झाला. दरबारात दख्खनी आणि परदेशी अशा दोन तटांचे वैर होते. प्रतिपक्षाने गवानची मोहोर उमटलेल्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला चिथावणी देणारे पत्र लिहवून ते सुलतान तिसऱ्या मुहम्मदाच्या हाती पडेल अशी योजना केली, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतानाने वजिराचा शिरच्छेद करविला. पुढच्याच वर्षी सुलतानही मरण पावला, आणि थोड्याच काळात राज्याची पाच शकले झाली. मदरशाला गवानच्या तोडीचा आश्रयदाता पुन्हा लाभला नाही. पुढे औरंगजेबाच्या अंमलात तेथे दारूगोळा साठविला जात होता. १६९६ साली त्याचा भडका उडून पूर्वेकडील दर्शनी भागाचा व दक्षिणेकडील बाजूचा मोठा हिस्सा कोसळला.

गवानच्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात, एक विद्यापीठ उभे राहत होते. १४५१ साली पोपच्या सनदेने ते स्थापन झाले, तेव्हा त्याला स्वतःची इमारतही नव्हती. तेथील कॅथीड्रलच्या आवारात आरंभीचे वर्ग भरत. आज ते विद्यापीठ पाचशे सत्तर वर्षांहून अधिक काळ अखंड चालू आहे, आणि आमच्या मदरशाचा उरला आहे तो देखणा सांगाडा. दैव ग्लासगोला धार्जिणे आणि बीदरला प्रतिकूल झाले, एवढ्यावर ह्या भेदाची बोळवण करता येत नाही. ग्लासगोत राजे बदलले, धर्मपंथही बदलला. परंतु विद्यापीठ म्हणजे अध्यापक व विद्यार्थी ह्यांचा सनदशीर समुदाय, हे तत्त्व मूळ सनदेतच असल्यामुळे त्याला स्वतःचे अस्तित्व होते. गवानच्या मदरशात विद्या होती, ग्रंथ होते, वास्तू तर स्कॉटलंडच्या कोणत्याही समकालीन विद्यापीठाला लाजविणारी होती. परंतु तिचा आधार एकाच थोर पुरुषाची इच्छा हा होता, आणि भोवतालच्या गावांतील कोणालाही तिच्या टिकण्या-न टिकण्याशी कर्तव्य नव्हते.

ह्याच्या उलट प्रकार शहरापासून जवळच अष्टूर गावी पाहावयास मिळतो. तेथे बहमनी सुलतानांच्या कबरींची रांग आहे. हुमायूनच्या कबरीवर वीज कोसळून तिचे दोन तुकडे झालेले असून उभ्या राहिलेल्या अर्ध्या भागात घुमटाचा उभा छेद एखाद्या कापलेल्या फळासारखा दिसतो. अहमदशहाची कबर मात्र शाबूत आहे. तिच्या आतील भिंतींवर आणि घुमटावर सोनेरी, शेंदरी व निळ्या रंगांत काढलेली अक्षरे आणि नक्षी डोळे अंधाराला सरावल्यावर हळूहळू उमटू लागते. शाह निमतुल्ला ह्या इराणी सूफीची गुरुपरंपरा तेथे लिहिलेली आहे. अहमदशहाला मुसलमान ‘वली’ मानतात आणि लिंगायत त्याला अल्लमप्रभूंचे रूप समजतात. त्याचा उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे, होळी झाल्यावर भरतो, आणि कलबुर्गी जिल्ह्यातील माडियाळचा जंगम अनुयायांसह मजल दरमजल करीत आल्यावाचून त्याचे विधी पुरे होत नाहीत. कबरीपुढे शंख फुंकला जातो, नारळ फुटतात आणि फुले वाहिली जातात. बहमनी तख्त नष्ट झाले. बरीदशाही १६१९ साली विजापूरकरांनी बुडविली. १६५७ साली औरंगजेबाने वेढा घालून शहर घेतले व त्याचे नाव जफराबाद ठेविले. मागून निजामाचा अंमल आला आणि १९४८ साली तोही संपला. ह्या एवढ्या उलथापालथीत हा उरूस चालत राहिला, कारण त्यात मान कोणाचा, पाळी कोणाची, नारळ कोणी फोडावयाचा ह्याची वाटणी गावोगावच्या माणसांमध्ये झालेली होती, आणि आपला हक्क सोडण्यास कोणीच राजी नव्हते. आमच्या भागातील जत्रा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला मानाच्या नारळात केवढे बळ असते हे वेगळे सांगावयास नको.

उरुसाला श्रद्धेचा आधार होता. बिदरी कामाला, म्हणजे काळ्यावर चकाकते जडविण्याच्या त्या सवयीला, पोटाचा. ही कला इराणी कारागिरांबरोबर येथे आली अशी परंपरा आहे. जस्ताचे सोळा भाग आणि तांब्याचा एक भाग असा मिश्र धातू वितळवून तो मातीच्या साच्यात ओततात. साच्याची माती एरंडेल आणि राळ घालून चिकट केलेली असते. ओतीव भांडे कानशीने घासून गुळगुळीत झाले की त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितात, म्हणजे ते तात्पुरते काळसर होते आणि टोकदार कलमाने काढलेली पांढरी रेघ त्यावर स्पष्ट उठते. नंतर कारागीर पाय मुडपून बसतो, भांडे पक्के धरतो, आणि बारीक छिन्नीने त्या रेघेवरून खाच पाडीत जातो. हातोडीचा ठोका हलका असतो, पण छिन्नीचा कोन जरा चुकला तर खाचेची कड ढासळते आणि चांदी धरत नाही. खाचेत चांदीची तार ठोकून बसविली तर ते तारकशी काम. पत्र्याचे तुकडे बसविले तर तहनिशान. पुन्हा घासल्यावर सारे भांडे एकसारखे राखाडी दिसते, इतके की चांदी कोठे आणि जस्त कोठे हे नवख्याला ओळखू येत नाही. मग बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर पाण्यात कालवून ते मिश्रण तापविलेल्या भांड्यावर चोळतात, आणि पाहता पाहता धातू गर्द काळा होतो. चांदीवर मात्र त्याचा काहीच परिणाम होत नाही. शेवटी तेलाचा हात. ही माती वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची असावी लागते, आणि जुने कारागीर ती चिमूटभर जिभेवर ठेवून पारखतात.

हुक्क्याची बैठक, पानदान, सुरई, आफताबा ही बिदरीची मूळ गिऱ्हाइकी. ती सरदार-जहागीरदारांबरोबर गेली. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात ही भांडी वाखाणली गेली, पण वाहवा मिळाली म्हणून घरात चूल पेटत नाही. कारागिरांनी फुलदाण्या, पेट्या, कानातले दागिने घडविण्यास आरंभ केला, सरकारी भांडारांचे दार ठोठावले, आणि धंदा तगविला. २००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी ह्या कारागिराला पद्मश्री. नव्या मुलांना ह्यापेक्षा मोबाईलच्या दुकानात लवकर पैसा दिसतो, ही चिंता खरीच आहे. तरीही राजाश्रय सुटल्यावर आपले गिऱ्हाईक आपण शोधणे ह्या कलेला साधले, कारण हुन्नर दरबाराच्या कोठारात नव्हे, घराघरांतल्या हातांत होता.

शहराच्या दुसऱ्या बाजूला नानक झिरा आहे. गुरू नानकांच्या कृपेने खडकातून गोड पाणी निघाले अशी शीख बांधवांची श्रद्धा. १६९९ साली गुरू गोविंदसिंगांनी निवडलेल्या पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हे बीदरचेच. नांदेडला आलेला पंजाबी यात्रेकरू बहुधा येथेही येतो आणि लंगरात आमच्या खेड्यांतील माणसाशेजारी पंक्तीला बसतो.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले: उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद व नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. सोयरीक एका राज्यात आणि सातबारा दुसऱ्यात, अशी पुष्कळ घरांची अवस्था झाली. ह्या वाटणीचे दुःख सीमाभागातील मराठी माणूस विसरलेला नाही. परंतु बीदर केवळ कानडी किंवा केवळ मराठी असे कधी नव्हतेच. हुमनाबादेजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंची (१८१७ ते १८६५) मराठी, कानडी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांतील पदे गायिली जातात, आणि ऐकणाऱ्यांत कोणी भाषेवरून उठून जात नाही.

गवानच्या मदरशाची देखभाल आज पुरातत्त्व खाते करते, आणि वास्तू म्हणून ती उत्तम राखली जावी ह्यात दुमत नाही. परंतु खाते भिंत राखू शकते. तेथे पुन्हा कोणी शिकावे अशी निकड निर्माण करणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. बीदरला आलेल्या पाहुण्याला आम्ही सर्वप्रथम तो मनोरा दाखवितो, आणि दाखवावाच. त्याबरोबर त्याला बिदरीच्या एखाद्या कारखान्यात तासभर बसवावे, आणि जमल्यास होळीनंतर अष्टूरच्या उरुसाला न्यावे. कारण आजच्या आमच्या शाळा, ग्रंथालये आणि सहकारी संस्था पुढल्या पिढीला पाहावयाला उरतील की वापरावयाला, ह्याचे उत्तर दिल्ली-बंगळूरच्या अनुदानात जितके आहे, त्याहून अधिक त्यांत गावाचा हिस्सा किती आहे ह्यावर ठरणार आहे.