गडचिरोली : आजार आणि अंतर

माणूस कोणत्या आजाराने आजारी पडतो, हे बऱ्याच अंशी तो राहतो त्या जागेवर ठरते. आणि त्या आजारातून तो वाचतो का, हे तिथून दवाखाना किती लांब आहे यावर. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा या दोन्ही गोष्टी एकत्र दाखवतो.

जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. झरे, नाले आणि भातखाचरांत हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनाफिलीस डासांची पैदास होते. इथल्या हिवतापात मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या फाल्सिपेरम परजीवीचे प्रमाण मोठे आहे. वेळेत निदान झाले, तर स्वस्त गोळ्यांनी तो बरा होतो. पण ताप वाढतो त्याच पावसाळ्यात वाटा बंद होतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तालुक्याचा संपर्क तुटत आला आहे. अशा वेळी रुग्णाला खाटेवर घालून नाले ओलांडावे लागतात. सोबतच्या माणसांची मजुरी बुडते, म्हणून ‘उद्या बघू’ म्हणत दुखणे अंगावर काढले जाते. आजार तोच, औषध तेच. शहरातला रुग्ण वाचतो आणि टोल्यावरचा, म्हणजे लहान वस्तीवरचा, दगावतो.

हे अटळ नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात इथल्याच ३९ गावांत नवजात बालकांची सेवा घरीच सुरू केली. गावातलीच प्रशिक्षित आरोग्यदूत बाळाचे वजन करी, त्याला ऊबदार गुंडाळायला शिकवी, श्वास मोजी. मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास म्हणजे धोक्याची खूण. जंतुसंसर्ग दिसला, तर ती प्रतिजैविकही देई. हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यू काही वर्षांत २५ च्या आसपास आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवली जाऊ लागली. आदिवासी भागांतील ‘माहेरघर’ योजनेत गरोदर स्त्रीला प्रसूतीच्या आधीच आरोग्य केंद्राजवळ राहता येते.

तरीही आरोग्य सेवेचा मुख्य निकष लोकसंख्येचाच आहे : सपाट प्रदेशात पाच हजारांमागे एक उपकेंद्र, आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजारांमागे. विरळ वस्तीत तीन हजार माणसे कितीतरी गावांत आणि टोल्यांवर विखुरलेली असतात. त्यामुळे डोकी मोजून इथे न्याय होत नाही. भर पावसात उपचारापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हाच इथला खरा निकष असायला हवा.