सांडव्यावरची जाळी

सकाळी ६
जुलैतला शनिवार. भज्यांचा पहिला घाणा निघायच्या आत धरणावर पोचावं लागतं, कारण दहानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. धरणाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी आणखी शंभर गाड्या येतील. संस्थानाच्या काळात गावाला पाणी पुरवण्यासाठी बांधलेली चुन्यातली दगडी भिंत, उंची जेमतेम ८ मीटर. गावाला आता दुसरीकडून नळाचं पाणी येतं. इथलं उरलं ते भिजण्यापुरतं.

६.३०
रात्री पाऊस नव्हता, म्हणून आजचा झिरपा मोजण्याजोगा. पाऊस चालू असला की भिंतीतून आलेलं पाणी कुठलं आणि आभाळातून पडलेलं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चौकीदार तात्या बॅटरी धरतात, मी हातोडीने दगड वाजवत जाते. खणखणीत वाजला तर पुढे. बद्द वाजला की खडूची फुली. दरजांमधून खाली पांढरे ओघळ आलेत. तो विरघळून बाहेर पडलेला चुना. बाहेर जितका दिसतो तितका आतून कमी झाला. अशी भिंत उभी असते ती निव्वळ वजनावर, आणि सांध्यांत, पायाखाली शिरलेलं पाणी तिला खालून उचलायला बघतं.

उजव्या टोकाच्या झिरप्याखाली दहा लिटरची बादली लावली. दीड मिनिटात भरली. गेल्या वर्षीची नोंद दोन मिनिटांची, तलावाची पातळी जवळपास हीच. पाणी नितळ आहे, गढूळ नाही, एवढा दिलासा. सांध्यात पिंपळाचं रोप, करंगळीएवढं. तात्या म्हणाले, “उपटू का, मॅडम?” मी नको म्हटलं. वरून उपटलं की मूळ आत तसंच राहतं आणि दुप्पट जोमाने फुटतं. ते पाणी उतरल्यावर मुळासकट काढून, दरज भरून घ्यायचं.

८
विमोचकाचं, म्हणजे तलावातलं पाणी सोडायच्या दाराचं चाक. तात्या आणि त्यांचा मुलगा, दोघांनी जोर लावला, तसूभर हललं नाही. तात्यांच्या आठवणीत ते फिरलेलंच नाही. गावाला पाणी सोडायची गरज संपली तशी त्याला वंगण घालायची गरजही कुणाला वाटेनाशी झाली. म्हणजे उद्या भिंतीत काही वावगं दिसलं तर तलाव खाली करायची सोय नाही. खरं तर हा दिवसभरातला सगळ्यात गंभीर मुद्दा, पण बघायला सगळ्यात कंटाळवाणा: एक गंजलेलं चाक. याचा कुणी फोटो काढत नाही.

९.३०
आता सांडवा. माथ्याच्या मीटरभर खाली, डाव्या टोकाला. गेल्या वर्षी नसलेली गोष्ट इथे दिसली: तोंडावर लोखंडी जाळी. पोरं घसरून खाली जाऊ नयेत म्हणून कुणीतरी चांगल्या मनाने बसवलेली. तिला अडकलेत फांद्या, कुरकुऱ्यांची पाकिटं, एक चप्पल, पाण्याच्या बाटल्या. निम्मा सांडवा बुजलाय.

अशी जाळी पाहिली की मला अमेरिकेतलं साउथ फोर्क आठवतं. पेनसिल्व्हेनियातलं मातीचं धरण, मुळात कालव्याच्या पाण्यासाठी बांधलेलं. कालवा बंद पडला, पुढे पिट्सबर्गच्या श्रीमंतांच्या क्लबने तलाव मासेमारीसाठी घेतला. तळातले पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते. क्लबने बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली घेतला, आणि तलावात सोडलेले मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी प्रचंड पावसात त्या जाळ्या कचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेलं, दुपारी धरण फुटलं. खाली जॉन्सटाउनसह सगळ्या खोऱ्यात २,२०९ माणसं गेली. आमचा तलाव त्याच्यापुढे डबकं आहे. शिवाय दगडी भिंत वरून पाणी गेलं म्हणून लगेच कोसळत नाही. ते पाणी पायथा पोखरतं, आणि दोन्ही टोकांना, जिथे दगड संपून माती लागते, तिथली माती खातं. पण खाली चाळीसेक घरांची वाडी आहे.

११ ते ४
गर्दी. मोजमाप बंद. शिट्ट्या, स्पीकर, कणसांचा धूर. एक गृहस्थ विचारून गेले, “मॅडम, फुटणार तर नाही ना?” आणि उत्तराची वाट न बघता सांडव्यात जाऊन बसले. लोणावळ्याच्या भुशीचंही असंच. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेलं धरण. इंजिनं गेली, पायऱ्यांवर माणसं आली. ३० जून २०२४ ला तिथे एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तीही धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात. भिंतीला काही झालं नव्हतं. पाऊस वर डोंगरात पडतो आणि ओढा मिनिटांत चढतो.

४.३०
सरपंच, हवालदार, दोन स्टॉलवाले. जाळी काढायची म्हटल्यावर सरपंच तडकले: “उद्या पोरगं वाहून गेलं तर नाव कुणाचं?” प्रश्न रास्त आहे. ठरलं ते असं: जाळी जाणार, सांडव्याच्या अलीकडे दहा पावलांवर दोर बांधायचा, आणि दोरापलीकडे कुणालाच सोडायचं नाही. स्टॉलवाल्यांची तोंडं उतरली, कारण गिऱ्हाईक येतं ते त्या दोराच्या पलीकडे बसायला.

६.१५
शिट्टी वाजवून गर्दी उतरवली. गॅसकटरने जाळी कापली. अडकलेला कचरा सुटून खाली गेला आणि पाण्याला वाट मोकळी झाली.

रात्री ८
अहवाल. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात. १० ते १५ मीटरची काही अटींत बसली तरच. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणीची सक्ती आहे ती त्यांना. ८ मीटरचं धरण त्यात बसत नाही. संस्थान विलीन झालं तेव्हा हे एका खात्याकडे गेलं, तिथून दुसऱ्याकडे. आज दोघेही ते दुसऱ्याचं म्हणतात. म्हणून तीन प्रती काढल्या: एकेक दोन्ही खात्यांना, एक पंचायतीला. विमोचक पहिल्या क्रमांकावर, दरजा दुसऱ्या.

निघताना भजीवाल्या मावशींना उजव्या टोकाचा झिरपा दाखवून आले होते, कारण पावसाळाभर रोज त्याच्यासमोर बसणाऱ्या त्या एकट्याच. पाणी गढूळ झालं किंवा धार जाड झाली तर कढई उतरवायच्या आधी फोन करा, म्हटलं. त्यांनी नंबर पिठाच्या डब्याच्या झाकणावर लिहून घेतला.