‘म्हणाले’चे काय चुकले?

बातमी पत्रकार परिषदेची असो, सभेची असो की पोलीस ठाण्यातली, ‘म्हणणे’ या क्रियापदावाचून तिचे पान हलत नाही. इतके राबूनही या क्रियापदाच्या वाट्याला कौतुकापेक्षा गैरसमजच जास्त आले आहेत.

गैरसमज : एका बातमीत चार वेळा ‘म्हणाले’ आले म्हणजे भाषा कच्ची. दर वेळी नवे क्रियापद हवे.

वस्तुस्थिती : शाळेतल्या निबंधात पुनरुक्ती टाळायला शिकवतात. ती सवय बातमीत महागात पडते, कारण ‘म्हणाले’ला तंतोतंत पर्याय जवळपास नाही. ‘धरणात पुरेसे पाणी आहे’ हे एकच विधान घ्या. अधिकारी तसे ‘म्हणाले’, तर बातमीदार आपले मत बाजूला ठेवतो. त्यांनी ‘दावा केला’ म्हटले की शंका डोकावते. ‘स्पष्ट केले’ लिहिले की आधी गोंधळ होता आणि साहेबांनी तो दूर केला, हे बातमीदाराने परस्पर मान्य करून टाकलेले असते. ‘मान्य केले’ म्हणजे तर कोणीतरी त्यांना कोंडीत पकडले होते. पाणी तेवढेच, बातम्या मात्र चार. ‘निदर्शनास आणून दिले’ हे याहून धोक्याचे, कारण त्यात सांगितलेली गोष्ट खरीच ठरते.

राजकीय बातम्यांत टोला लगावतात, घणाघात करतात, खडे बोल सुनावतात. नेता बिचारा दोन वाक्ये शांतपणे बोलून गेलेला असतो आणि मथळ्यात हाणामारी चाललेली असते. पर्यायी क्रियापदे वर्ज्य आहेत, असे नव्हे. पुराव्याविना केलेल्या वादग्रस्त विधानाला ‘दावा’च म्हणावे. मात्र विरोधी पक्षाचा तो ‘दावा’ आणि सरकारचे ते ‘स्पष्टीकरण’, अशी वाटणी नको.

गैरसमज : ‘म्हणाले’, ‘म्हटले’, ‘सांगितले’ कुठेही अदलाबदल करून चालतात.

वस्तुस्थिती : मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात आले की कर्त्याला सहसा ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो : त्याने आंबा खाल्ला. शिकणे, विसरणे, म्हणणे ही त्याला अपवाद असणारी काही क्रियापदे : ती धडा शिकली, तो नाव विसरला, ते म्हणाले. त्यामुळे घाईत उमटणारे ‘त्यांनी म्हणाले’ चूक. ‘त्यांनी सांगितले’ किंवा ‘ते म्हणाले’ लिहावे. लेखी मजकुरासाठी ‘म्हटले’ शोभते : पत्रकात म्हटले आहे.

‘तो बोलला की उद्या येतो’ ही मुंबईकडची रचना ऐकून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘बोलणे’ला कर्म चालत नाही, हे त्यामागचे कारण मात्र टिकत नाही. आपण नवस बोलतो, खोटेही बोलतो. प्रमाण बातमीत इथे ‘म्हणाला’ लिहायचा संकेत आहे, एवढेच.

गैरसमज : ‘असे अमुक म्हणाले’ लिहिले की वृत्तपत्र सुटले.

वस्तुस्थिती : बदनामीचा कायदा आरोप करणाऱ्याबरोबर तो प्रसिद्ध करणाऱ्यालाही लागू होतो. पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमे ४९९ व ५०० होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. न्यायालयाच्या कामकाजाच्या खऱ्या वृत्तांताला त्यात अपवाद आहे. संसद आणि विधिमंडळातल्या कामकाजाच्या वृत्तांताला संविधानाच्या अनुच्छेद ३६१-क चे संरक्षण आहे, अट इतकीच की तो सारतः खरा असावा आणि त्यामागे द्वेषबुद्धी नसावी. चौकातल्या सभेत झालेल्या आरोपाला हे कवच नाही.

गुन्ह्याच्या बातम्यांतले ‘आरोपीने कबुली दिली’ हे वाक्यही तपासून घ्यावे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. तेव्हा ‘कबुली दिल्याचे पोलिसांनी सांगितले’ एवढेच बातमीदाराला ठाऊक असते आणि तेवढेच त्याने लिहावे.

गैरसमज : निदान साधे ‘म्हणाले’ तरी पूर्ण तटस्थ असते.

वस्तुस्थिती : नसते, कारण मराठीत मान क्रियापदाच्या प्रत्ययात बसलेला असतो. मंत्री ‘म्हणाले’, डॉक्टरीणबाई ‘म्हणाल्या’, पण रिक्षाचालक आणि मजूर अनेकदा ‘म्हणाला’. साध्या माणसाला अटक झाली की दोष सिद्ध होण्याआधीच त्याचे आदरार्थी बहुवचन जाते. पुढारी अटकेत गेला तरी ‘ते म्हणाले’ कायम राहते. वृत्तसंपादकांनी यावर एक सोपा नियम करावा : बोलणारी व्यक्ती प्रौढ असेल, तर ती कोणीही असो, ‘म्हणाले’ किंवा ‘म्हणाल्या’च लिहा.