विकावे, द्यावे की फिरते ठेवावे?

हरसूलचा पाऊस घरात शिरतो. छप्पर पक्के असले तरी दमटपणाच्या रूपाने तो शिरतोच. कपाटाच्या पाठीवर, ट्रंकेतल्या गोधड्यांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशीची पांढुरकी साय धरते. म्हणून नवरात्राच्या तोंडावर येथे घरोघरी आवराआवर निघते, आणि त्याच सुमारास माझ्या दवाखान्यात माळ्यावरून घसरलेले, कंबर धरलेले, जुन्या धुळीने दमा उसळलेले रुग्ण वाढतात.

दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत एका निवृत्त शिक्षकांच्या घरून मला बोलावणे आले. गुरुजी श्रावणात गेले होते. शेवटचे दीड वर्ष ते अंथरुणाला खिळून होते आणि त्या काळात मी आठवड्यातून दोनदा त्या घरी जात असे. आताचे बोलावणे त्यांच्या पत्नीसाठी होते. मी त्यांना काकू म्हणतो, वय ७४. त्यांना नाशिकला घेऊन जाण्यासाठी दोन्ही मुले आली होती आणि ओसरीवर सगळा संसार मांडून ठेवला होता. तांब्याचा बंब, पितळेचे तीन हंडे, शिवणयंत्र, जाते, पाटा-वरवंटा, गुरुजींचे सदरे, खालीवर होणारा रुग्णाचा पलंग, वॉकर, कमोडची खुर्ची, २०२१ च्या करोनाच्या लाटेत घाईघाईने घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि इन्व्हर्टरची जुनी बॅटरी.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा," थोरला म्हणाला, "हे विकून टाकायचं की कुणाला देऊन टाकायचं? धाकटा म्हणतो, वडिलांच्या वस्तू विकणं बरं दिसत नाही."

काकूंचा रक्तदाब १८० वर १०० होता. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांचा डबा त्या पसाऱ्यात हरवला होता आणि तीन दिवस त्यांनी गोळी घेतलीच नव्हती. मुले कामात आहेत, त्यांना कशाला त्रास, म्हणून त्या बोलल्याही नव्हत्या. मी विचारले, "काकू, या वस्तूंचं तुमच्या मनात काय आहे?" त्या म्हणाल्या, "मला अजून कुणी विचारलं नाही हो."

विकावे की द्यावे हा प्रश्न माझ्याकडे नेहमी असाच, चुकीच्या माणसाच्या तोंडून येतो. तो वस्तू वापरलेल्या माणसाने सोडवायचा असतो आणि तो माणूस बहुधा आतल्या खोलीत पडून असतो. मृत्यूनंतर अकराव्या-बाराव्या दिवशी शय्यादान करण्याची आपली रीत आहे. अंथरूण, छत्री, वहाणा, तांब्या-भांडे अशा ठरावीक वस्तू देऊन शोकाला एक वाट करून दिली जाते. रीत तेवढ्या वस्तूंपुरती आहे. तेरा दिवसांत घर रिकामे करा असे ती सांगत नाही. रजेचे दिवस संपत आलेली मुले ते परस्पर ठरवून टाकतात. पन्नास वर्षे अंधारातही हात जिथे अचूक जात होता तिथली वस्तू नाहीशी झाली की वृद्ध माणूस गोंधळतो. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर अधिकच. काकूंच्या मुलांना मी दोन गोष्टी सांगितल्या. यातले काय हलवायचे ते काकू ठरवतील, आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या वस्तू नाशिकच्या खोलीत इथल्यासारख्याच मांडायच्या: घड्याळ पायथ्याच्या भिंतीवर, पाण्याचा तांब्या उजव्या हाताला.

तथापि सर्वच जपून ठेवा असेही मी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. पलंगापासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर ट्रंक, पोती, गोधड्यांचे गाठोडे असेल तर रात्री लघवीला उठलेल्या माणसाला ते दिसत नाही. तेवढी वाट आजच मोकळी करावी. जिथे वर्तमानपत्रे, पिशव्या, रिकामे डबे इतके साठले आहेत की माणसाला निजायलाही जागा उरलेली नाही आणि एक कागद हलवला तरी तो कासावीस होतो, तिथे गोष्ट निराळी असते. मानसोपचारशास्त्राने २०१३ पासून याला स्वतंत्र आजार मानले आहे. उतारवयात हे अचानक सुरू झाले तर नैराश्य किंवा मेंदूचा आजार तपासून घ्यावा लागतो. माघारी घर साफ करून आश्चर्याचा धक्का देण्याचा विचार अशा वेळी मुळीच करू नये.

आता मला माझी चूक सांगितली पाहिजे. ओसरीवरच्या पसाऱ्यात एक वस्तू नव्हती: गुरुजींच्या उरलेल्या औषधांची पिशवी. धाकट्याने ती आदल्याच दिवशी देऊन टाकली होती. गोळ्यांची पाकिटे बंद होती, मुदत संपलेली नव्हती, शेजारच्या मावशींनाही मधुमेहच होता. वाया कशाला घालवायच्या? दोन दिवसांनी त्या मावशींना माझ्याकडे आणले तेव्हा त्या घामाने निथळत होत्या, असंबद्ध बोलत होत्या. नवरात्राचा उपवास, रोजची मेटफॉर्मिन आणि तिच्या जोडीला गुरुजींची ग्लिमेपिराइड. रक्तातील साखर ३८ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या काही मिनिटांत शुद्धीवर आल्या, परंतु या गोळीचा परिणाम बराच काळ टिकतो. साखर पुन्हा उतरण्याचा धोका असल्याने त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवावे लागले. त्या वाचल्या. गुरुजी गेल्यानंतर ती पिशवी परत मागून घेण्याचे मला सुचायला हवे होते, सुचले नाही. आता कोणत्याही रुग्णाच्या निधनानंतर भेटीला गेलो की निघताना मी औषधे मागून घेतो. औषध विकायचेही नसते आणि शेजारी द्यायचेही नसते. आजाराचे नाव एक असले तरी मूत्रपिंड, वय आणि सोबतची औषधे माणसागणिक वेगळी असतात. इन्सुलिन तर शीतकपाटाबाहेर किती दिवस राहिले हे बाहेरून ओळखताच येत नाही. ही पिशवी डॉक्टरांकडे किंवा औषध दुकानदाराकडे नेऊन त्याचे काय करायचे ते विचारावे.

पलंग, वॉकर, कमोडची खुर्ची यांचे गणित अगदी वेगळे आहे. हा पलंग नाशिकला नेऊन विकला असता तर टेंपोच्या भाड्यातच बरीचशी किंमत गेली असती. एखाद्याला कायमचा दिला असता तर त्याची गरज संपल्यावर तो त्याच्या पडवीत गंजला असता. महाराष्ट्रात अनेक शहरांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालतात. तिथे अनामत रक्कम ठेवून अल्प भाड्याने वस्तू मिळते आणि परत केल्यावर अनामत परत मिळते. अनामत असते म्हणून वस्तू परत येते, आणि परत येते म्हणून पुढच्याला मिळते. काकूंनी हाच मार्ग पसंत केला. पलंग, वॉकर आणि खुर्ची माझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत आली. शिक्षकाचीच बायको ती, तिने वरून एक शंभरपानी वही दिली: कोणती वस्तू, कोणत्या पाड्यावर, कोणत्या तारखेला. आजवर त्या वॉकरच्या नावावर पाच नोंदी आहेत. शहरातल्या वाचकांनी आपल्या गावात असे केंद्र आहे का, याची आधी चौकशी करावी. नसेल तर एखादा दवाखाना, ग्रंथालय किंवा ज्येष्ठ नागरिक संघ एका खोलीत ते सुरू करू शकतो.

अशी वस्तू दुसऱ्याला देताना थोडी तपासणी लागते. काठी किंवा वॉकर रुग्णाच्या उंचीला बसवावा: पायात नेहमीच्या वहाणा घालून, हात सैल सोडून माणूस उभा राहिला की मूठ मनगटाच्या रेषेपाशी यावी. तळाचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल तर ते आधी बदलावे. ओल्या शहाबादीवर तेच माणसाला पाडते. वाफ घेण्याच्या यंत्राचा मुखवटा आणि नळी दुसऱ्याला देऊ नये, नवी घ्यावी. दुसऱ्याचा चष्मा आणि कवळी कुणाच्या उपयोगाची नाही. श्रवणयंत्र मात्र तज्ज्ञाकडून नव्याने जुळवून घेतले आणि कानाचा साचा नवा केला तर दुसऱ्याला वापरता येण्याची शक्यता असते.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरबाबत मी अधिक कडक आहे. ही यंत्रे करोनानंतर कितीतरी घरांत पलंगाखाली पडून आहेत. आतल्या दाण्यांनी ओल शोषली की यंत्र घरघरत राहते, दिवा लागतो, आणि नळीतून येणाऱ्या हवेत पुरेसा प्राणवायू मात्र नसतो. हरसूलच्या हवेत तर हे लवकर घडते. द्यायचे असो वा विकायचे, आधी तंत्रज्ञाकडून प्राणवायूचे प्रमाण मोजून घ्यावे, गाळण्या बदलाव्यात, आणि डॉक्टरांची चिठ्ठी असलेल्या रुग्णालाच ते द्यावे. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या इथल्या अनेक आजींची फुप्फुसे अशी झालेली असतात की बेहिशेबी प्राणवायूने त्यांना गुंगी येऊन श्वास मंदावतो. काकूंचे यंत्र तपासणीत नापास झाले. ते आम्ही कुणालाच दिले नाही. ई-कचरा म्हणून गेले.

कपडे आणि अंथरुणे देण्यापूर्वी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावीत. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसच तगतो. जे धुता येत नाही ते आठवडाभर घट्ट बांधून ठेवले तरी चालते. शय्याव्रणाच्या पाण्याने भिजलेली गादी मात्र कुणाला देऊ नये. जी वस्तू आपण आपल्या पाहुण्याला देणार नाही ती पाड्यावरच्या माणसाला देणे याला दान म्हणवत नाही. दिवाळीच्या सुमारास शहरातून इकडे कपड्यांची गाठोडी येतात. त्यांतली काही उघडल्यावर मला शरम वाटते.

इन्व्हर्टरच्या बॅटरीविषयी संशय नको: ती विकायचीच, आणि तीही बॅटरीच्या दुकानातच, जुनी परत घेणाऱ्याकडे. कुणाला दिली तर शिसे काढण्यासाठी ती अंगणात फोडली जाण्याचा धोका असतो, आणि शिशाची लहान मुलांच्या मेंदूला निर्धोक अशी कोणतीही मात्रा ठाऊक नाही. पाऱ्याचे जुने तापमापक आणि रक्तदाबमापकही भंगारात घालू नये. माझे स्वतःचे पाऱ्याचे रक्तदाबमापक, पहिल्या कमाईतून घेतलेले, कपाटात बंद आहे. सोडवत नाही, हेही कबूल करतो.

उरला प्रश्न लाजेचा. धाकट्याला बंब आणि हंडे विकणे कमीपणाचे वाटत होते. काकू म्हणाल्या, "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय. ते मला माझ्या पैशानं करायचंय." आमच्या आया बोहारणीला जुनी लुगडी देऊन पातेले घेत. त्या घासाघिशीला कुणी हलकेपणा मानला नाही. ते दानही नव्हते आणि निव्वळ विक्रीही नव्हती. वस्तूला अजून मोल आहे, असे दोन बायका एकमेकींना सांगत होत्या. मोड घालताना मी काकूंना एवढेच सुचवले की घरीच वजन करून कागदावर लिहावे, बंबाची लोखंडी जाळी व कडी आधी काढावी, तांबे आणि पितळ वेगळे तोलायला सांगावे, कारण तांब्याला भाव अधिक असतो. शिवाय दोन दुकानांत विचारावे. थोरला त्यांना नाशिकच्या भांडी बाजारात स्वतः घेऊन गेला. पैसे काकूंच्या खात्यात जमा झाले.

शिवणयंत्रावरून खरा वाद झाला. शेजारच्या पाड्यावरची एक तरुण सून काकूंकडे शिवण शिकत होती. दोन्ही मुले म्हणाली, तिला फुकट द्या, वडिलांच्या नावानं पुण्य लागेल. काकूंनी १,५०० रुपये किंमत सांगितली, दरमहा १०० रुपयांनी फेडायची. मलाही क्षणभर ते कठोर वाटले. काकू म्हणाल्या, "फुकट दिलं तर ती जन्मभर माझ्यापुढं वाकून बसेल. पुढं कधी तिला ते विकावंसं वाटलं तर विकताही येणार नाही." त्या मुलीने पंधरा हप्ते पुरे केले. शेवटचे दोन माझ्या दवाखान्यात आणून दिले आणि पावती मागून घेतली.

गुरुजींच्या सदऱ्यांची काकूंनी गोधडी केली आणि ती सोबत नेली. जाते त्यांनी विकलेही नाही, दिलेही नाही. ते अंगणातच आहे. घर भाड्याने घेतलेल्या कुटुंबाला काकूंनी सांगून ठेवले आहे की नागली दळायला ते वापरा, मात्र पावसाळ्यात त्यावर पत्रा टाकत जा.